बबनरावांचा निष्पक्ष फासा

सिंदीच्या बबनरावांनी आजवर माझा चौदा वेळा जीव घेतला आहे. एकदा विहिरीत, दोनदा अजगराच्या पोटात, आणि एकदा, सांगायलाही लाज वाटते, बदकानं चावून.

घाबरू नका. हे सगळं रविवारी दुपारी, त्यांच्या छपरीत, कागदावर घडतं. बबनराव गोष्ट रचतात आणि त्यातले राक्षस चालवतात. आम्ही तिघं गोष्टीतले योद्धे नाहीतर जादूगार होतो. संकट आलं की वीस बाजूंचा फासा पितळी ताटात टाकायचा. आकडा मोठा आला तर वाचलात, छोटा आला तर गेलात. त्यांचा भाचा एका सुट्टीत हा खेळ घेऊन आला आणि इथेच विसरून गेला. बबनराव तेव्हा कापसाच्या जिनिंग कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. कापूस बोटानं चाचपून ‘ओला आहे, वापस न्या’ म्हणण्यात ज्याची तीस वर्षं गेली, त्याच्या हाती राक्षस दिल्यावर दुसरं काय होणार?

माझा पहिला मृत्यू पाचव्या मिनिटाला झाला. मी फक्त म्हणालो, "मी पुढे चालतो."

"मेले तुमी, मास्तर."

"कशानं?"

"विहीर होती. खाली पाह्यलं काय? नाई ना!"

वर नियम असा, की ज्याचा योद्धा मेला त्यानं पुढच्या रविवारी तेरवी घालायची, म्हणजे सगळ्यांसाठी आलूबोंडे आणायचे. बबनराव उभे राहून मृताविषयी दोन शब्द बोलतात, आणि तेही खरे. "मास्तरायचा गजसिंग शूर होता, पन डोकं वापरलं नाई त्यानं." मग गंभीर चेहऱ्यानं चार आलूबोंडे खातात. या सगळ्या हत्याकांडामागे आलूबोंडेच असावेत, असा माझा जुना संशय आहे.

मग पिपरी मेघेहून केतकी येऊ लागली. इंजिनिअरिंगची मुलगी, हा खेळ मोबाइलवर जगभरच्या लोकांशी खेळलेली. तिनं आपल्या जादूगारणीचं चार पानी चरित्र लिहून आणलं होतं. जादूगारीण पंधराव्या मिनिटाला विषारी अळंबी खाऊन वारली.

"काका, असं नसतं आता! आपल्या ताकदीप्रमाणे राक्षस द्यायचा असतो. मारायच्या आधी खेळणाऱ्याला विचारतात."

"काऊन? यमराज फोन करून येते काय? अन् वाघ काय तुही मार्कशीट पाहून येते? फासा सगळ्यायले सारखा. याच्याहून मोठा न्याय कोन्ता?"

"फासा सारखाच आहे काका. पण विहीर तुम्हीच खोदली ना?"

पुढच्या रविवारी गोष्टीतल्या समस्त विहिरींना कठडे आले. आत मगरीही आल्या, तो भाग वेगळा.

तिसरे आमचे नामदेवराव, किराणा दुकानवाले, बबनरावांचे शाळेपासूनचे मित्र. त्यांचा ढालसिंग सहा वर्षांत एकदाही मेला नव्हता, कारण लढाई सुरू झाली की तो जोड्याची नाडी बांधायला खाली बसायचा.

गेल्या महिन्यात एका रविवारी मात्र नवल घडलं. दुसऱ्या दिवशी नागपूरला नामदेवरावांचं हृदयाचं ऑपरेशन होतं. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, कोणी विषय काढत नव्हतं. गुहेत आग ओकणारा अजगर आला आणि नामदेवराव म्हणाले, "ढालसिंग पुढं जाते."

"नाडी बांध नं लेका," बबनराव म्हणाले.

"बहुत बांधल्या. जाऊ दे एकदा."

पंधरा हवे होते. पडले दोन.

नामदेवराव हसले. "गेला ढालसिंग. पुढच्या रविवारी मी काई येत नाई. आलूबोंडे मास्तरायकडून घेजा."

"ताट हललं," बबनराव म्हणाले. "पुन्हा टाक."

मी बघतच राहिलो. एकदा मांजर ताटातून चालत गेली होती, तरी या माणसानं पडलेला आकडा कायम ठेवला होता.

दुसऱ्यांदा चार पडले.

"पंख्याची हवा लागली."

विजेची लाइन सकाळपासून गेलेली होती. मी केतकीकडे पाहिलं. ती पंख्याकडे बघत म्हणाली, "हो, मलापण लागली."

तिसऱ्यांदा फासा ताटात गरगरत असतानाच बबनरावांनी त्यावर उजवा पंजा मारला. "वीस!"

"हात उचल, बबन."

"नाई उचलत."

"पाहू तर दे."

"नागपूरहून वापस येजो, मंग दाखवतो." त्यांचा आवाज फाटला होता. या खुनी माणसावर माझा फार जीव आहे हे मला तेव्हा कळलं.

नामदेवरावांनी त्या पंज्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "चहा तं पिशीन?"

चहा आला. बबनरावांनी तो डाव्या हातानं प्यायला.