निळ्या मोटारीच्या दोन शॉकअपांची हकीकत

श्री चाक आणि श्री रस्ता, ज्यांच्या कृपेने माणूस घरून निघतो आणि घरी पोचतो, त्यांचे पायी मस्तक ठेवून ही हकीकत लिहावयास घेतली. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध तृतीयेचे सुमारास एका राज्यात, ज्याचे नाव सांगण्याची आम्हांस परवानगी नाही, श्रीमंत भास्करराव टिपणीस नांदत होते. त्यांनी तीस वर्षे राज्याच्या जमिनीची मोजणी केली होती आणि बांधाबांधावरून भांडणारे भाऊ त्यांच्या टेपेपुढे गप्प होत, त्यामुळे आपल्या मापावर त्यांचा भारी भरवसा होता. पदरी एक निळी मोटार होती, वय वर्षे अठ्ठावीस, रंग उडालेला पण इमानात कसर नाही, आणि त्यांचे कुटुंब मनोरमाबाईसाहेब यांच्या पाठीच्या मणक्यावर आषाढात शस्त्रक्रिया जाहली होती, आणि वैद्यांनी बजाविले होते की धक्का म्हणून बसता कामा नये. ऐशात बाईसाहेबांच्या थोरल्या भगिनी जानकीअक्का यांचा फोनवरून निरोप आला की, "मनू, मला आता माणसं सावलीसारखी दिसायला लागलीत. दिसतंय तोवर एकदा येऊन जा." अक्कांचे गाव सोळा कोसांवर, आणि वाटेत सतरा गतिरोधक, कारण प्रत्येक गावच्या पुढाऱ्याने आपल्या दारासमोर एकेक तटबंदी उभी केली होती. मग भाड्याची मोटार आणविली, परंतु हाकणारा इतका उतावीळ की पहिल्या तीन गतिरोधकांवरून उडतच गेला, आणि बाईसाहेब तोंडात पदर धरून माघारी फिरल्या आणि म्हणाल्या, "आता आपल्या गाडीतून, तुम्ही चालवणार असाल तरच." आणि त्या दिवसापासून भास्कररावांस अन्न गोड लागेना.

परंतु निळ्या मोटारीची गत काय सांगावी? तिचे पुढचे दोन्ही शॉकअप, म्हणजे चाक आणि मोटारीचा देह यांच्यामध्ये उभे राहून रस्त्याचा धक्का आपल्या अंगावर घेणारे दोन शिपाई, तेल ओकून गतप्राण जाहले होते, आणि मोटार खड्ड्यात गेली की पुढे पावलोपावली डुलत राही. मग भास्कररावांनी सदोबा मिस्त्री यांस बोलावून मसलत केली. मिस्त्रींनी मोटारीखाली निजून पाहिले आणि वर येऊन हात पुशीत म्हणाले, "मालक, हे नवं मिळायचं न्हाई. कारखान्यानं कवाच बंद केलंय. भंगारबाजारात गफूरचाचाकडं जावा. त्यो बोलंल तसं घ्या, आपलं डोकं चालवू नका." हे शेवटचे वाक्य भास्कररावांनी ऐकिले, परंतु मनावर घेतले नाही, आणि खांद्यास पिशवी लावून व टेप खिशात घालून दुसरे दिवशी सकाळीच स्वारी निघाली.

भंगारबाजार म्हणजे मेलेल्या मोटारींचा मुलूख. कोठे दारांच्या भिंती, कोठे आरशांचे ढीग, कोठे सुकाणूचक्रे माळेसारखी ओवून टांगलेली, आणि त्या सर्वांच्या मधोमध गफूरचाचा एका जुन्या मोटारीच्या मागल्या आसनावर राजासारखे बसलेले, पाठीमागे फळी की विकलेला माल परत घेतला जाणार नाही. चाचांचा एक रिवाज होता. एका मोटारीतून निघालेली जोडी ते तारेने एकत्र बांधून ठेवीत आणि ती तार होता होईतो तोडीत नसत. त्यांनी निळ्या मोटारीच्या जातीच्या दोन जोड्या काढिल्या, एकेक शॉकअप जमिनीवर उभा करून त्याची दांडी सर्व बळाने दाबिली, आणि ती सावकाश, जराही न अडखळता वर आली तेव्हा म्हणाले, "बघा साहेब, जीव हाय त्यात. कुठलीबी जोडी घ्या." परंतु भास्कररावांनी टेप काढिली आणि मोजू लागले. शॉकअपाच्या पोटाशी ब्रेकची नळी धरावयास लोखंडाचा एक कान असतो, तो पहिल्या जोडीत एकाचा एकीकडे आणि दुसऱ्याचा दुसरीकडे निघाला, आणि दुसऱ्या जोडीतही तेच. मग भास्कररावांचे कपाळास आठी पडली. त्यांनी एका जोडीतला एक आणि दुसरीतला एक असे शेजारी धरून पाहिले, तो कानास कान, भोकास भोक, उंचीस उंची, केसाचा फरक नाही. तेव्हा ते प्रसन्न होऊन बोलिले, "चाचा, तुमच्या जोड्या जमत नाहीत. हे दोन जमतात. तारा तोडा." चाचा म्हणाले, "साहेब, तार तोडू नका. एका गाडीचे हायत ते." भास्करराव म्हणाले, "मी तीस वर्षे मोजणी केली आहे." चाचांनी आणखी दोनदा सांगून पाहिले, परंतु श्रीमंतांनी तिन्ही वेळां टेप पुढे केली, आणि मग चाचांनी निःश्वास टाकून पक्कड घेतली आणि दोन्ही तारा तोडिल्या, आणि भास्कररावांनी तारेचा एक तुकडा, काही बांधावयास होईल म्हणून, पिशवीत टाकिला.

घरी आल्यावर सदोबा मिस्त्रींनी पहिला शॉकअप डाव्या अंगास बसविला, तो अगदी चपखल बसला, आणि दुसरा उजव्या अंगास नेला, तो कान भलतीकडे आणि नळी पोचेना. मिस्त्रींनी तो हाती फिरवून पाहिला. मग हळूच म्हणाले, "मालक, दोन्ही डावंच आणलंत." आपण मापाने जे जुळविले ते एकाच बाजूचे, हे तेव्हा भास्कररावांच्या ध्यानी आले, आणि आत बाईसाहेब अक्कांसाठी लाडू वळीत होत्या ते पाहून त्यांस आपल्या तोऱ्याची फार लाज वाटली. फळीवरचा कायदा त्यांस पाठ होता. तरीही दुसरे दिवशी एक शॉकअप कडेवर घेऊन मान खाली घालून ते बाजारात गेले, आणि चाचांपुढे उभे राहून बोलिले, "चुकलो. दोन्ही डावे नेले." चाचा जराही हसले नाहीत, फक्त म्हणाले, "साहेब, वहाणा घेताना तुम्ही दोन्ही एकाच पायाच्या घेता का?" आणि मग उठून त्यांनी ती फळी भिंतीकडे तोंड करून उलटी लाविली, आणि आसनाखालून दोन शॉकअप काढिले, दोन्ही उजवे, वर खडूने लिहिलेले की मोजणीवाले साहेब. "तुम्ही ऐकंनात," चाचा म्हणाले, "मग म्हणलं, गाडीच सांगंल. सकाळी एक गिऱ्हाईक आलं होतं, एकटा उजवा मागत होतं. दिला न्हाई. त्याची जोडी तुमच्या घरी हाय, म्हणलं." ऐसे बोलून त्यांनी आणलेला डावा ठेवून घेतला, घरच्या डाव्याचा सोबती तो उजवा हाती दिला, आणि उरलेल्या दोघांस नव्या तारेने बांधून टाकिले. भास्कररावांनी देऊ केलेले काही घेईनात, म्हणाले, "बाईंना नीट पोचवा, तेवढं बास." आयुष्यात अनेक मोठे हुद्देदार भेटले, परंतु आपली चूक आपणांस उमगण्याआधीच तिचा उतारा जपून ठेवणारा माणूस हा पहिलाच, ऐसे त्यांस वाटले, आणि त्यांनी चाचांचे दोन्ही हात काही वेळ धरून ठेविले.

मग दशमीस, दिवस दोन घटका वर येताच, निळी मोटार निघाली. बाईसाहेबांच्या पाठीशी दोन उशा, मांडीवर लाडवांचा डबा, आणि भास्करराव हाती सुकाणू धरून प्रत्येक गतिरोधक दिसताच मनात गफूरचाचा आणि सदोबा मिस्त्री यांचे नाव घेत आणि पाय सैल करीत. पहिले तीन ओलांडले, जेथून भाड्याची मोटार माघारी फिरली होती, आणि बाईसाहेब काही बोलिल्या नाहीत, म्हणून भास्कररावांचा जीव अधिकच खालीवर होऊ लागला, आणि ऐसे करीत अकरा जाहले, बारा जाहले, तरी शब्द नाही. शेवटी बाईसाहेबांनी खिडकीबाहेर पाहत विचारिले, "अहो, इथं मारुतीच्या देवळापाशी एक गतिरोधक होता ना? काढला वाटतं." भास्करराव म्हणाले, "आत्ताच गेला तो." मग मोटार अक्कांच्या दारी पोचली. अक्का ओसरीवरच बसल्या होत्या. बाईसाहेब कोणाचा हात न धरता खाली उतरल्या, आणि अक्कांनी धाकटीचे तोंड दोन्ही हातांनी उन्हाकडे वळविले, अगदी जवळ घेतले, बराच वेळ पाहिले, आणि म्हणाल्या, "मनू, कपाळावरचा तुझा तीळ मोठा झालाय गं." बाईसाहेबांनी डोळ्यांस पदर लाविला, आणि भास्करराव मोटारीचे पुढचे चाक पाहावयाचे निमित्त करून खाली वाकले.

जे घडले ते इतकेच. मोटार एक, शॉकअप दोन, एक डावा आणि एक उजवा, दोघेही एकाच घरचे, अद्यापि तेल न ओकता चाकरी करीत आहेत, आणि बाईसाहेब दर पंधरवड्यास अक्कांकडे जाऊन येतात. मोजणीच्या टेपेशेजारी भास्कररावांनी तारेचा तो तुटका तुकडा ठेविला आहे, आणि कोणी विचारिले की हे काय, तर ते म्हणतात, "हे माझं दुसरं माप." गफूरचाचांस उदंड आयुष्य लाभो.