तेरखेड्याचा समुद्र

समर्थनं कोकणात अगदी समुद्रकाठी जुनं घर विकत घेतलं, ही बातमी भागवतरावांनी सगळ्या कळंबला स्वतःच्या तोंडानं सांगितली. ज्यांनी ऐकली होती त्यांना पुन्हा सांगितली. एसटीत वाहक म्हणून जन्म गेलेला माणूस. गाडीच्या शेवटच्या बाकावर पेंगणारा प्रवासी दचकून उठावा असा आवाज त्यांनी निवृत्तीनंतरही जपून ठेवला होता. कोकणच्या पाटीच्या गाड्या त्यांच्यासमोरून कितीदा तरी गेल्या, पण समुद्र काही त्यांनी पाहिला नव्हता. आता मुलगा म्हणत होता, "बाबा, आईला घेऊन कायमचे इकडंच या." त्या दिवसापासून भागवतरावांच्या डोळ्यांपुढून पाणी हलेना. डोंगराएवढ्या लाटा म्हणजे नक्की केवढ्या, या विचारानं हातातला चहा निवून जाई.

अडचण एकच होती. दैवशालाबाई यायला तयार नव्हत्या.

"रातंदिस त्यो समुद्र गरजतो म्हणं," त्या म्हणाल्या. "मला झोप लागायची न्हाय. आवाज आत येणार नसंल तर येते. न्हायतर तुमी जावा, म्या हितंच बरी."

यावर समर्थनं तोड काढली. नाहीतरी त्या घराची दारं-खिडक्या बदलायच्याच होत्या. दमट हवेनं लाकूड फुगलं होतं, खाऱ्या वाऱ्यानं बिजागऱ्या खाल्ल्या होत्या आणि एसीची गार हवा फटींतून समुद्राला वारा घालत होती. त्याचा शाळेतला मित्र युवराज धाराशिवला दारं-खिडक्यांचा धंदा करायचा. तो नमुने घेऊन कळंबला येईल, आई पसंत करेल, मग माल कोकणात जाईल, असं ठरलं.

पण दार म्हणजे घराचं तोंड. ते भावकीला न दाखवता परस्पर पसंत करायची रीत नाही. त्यामुळे युवराजचा टेम्पो आला तेव्हा अंगणात सतरंजी पसरलेली होती, पोहे तयार होते आणि चुलतभाऊ हिंमतराव फेटा बांधून मधोमध बसले होते. भावकीतल्या बऱ्याच पोरांसाठी मुली त्यांनीच पाहिलेल्या. युवराजनं तीन खिडक्या भिंतीला टेकवून उभ्या केल्या.

"ही कुठली?" हिंमतरावांनी पहिलीकडं बोट केलं.

"ॲल्युमिनियमची. पण खारं वारं लागलं की अंगावर डाग पडतात. आन् उन्हात चटका बसतो."

"दिसाया बरी हाय, पण तापट. फुडं."

"ही लाकडाची. जुनी पद्धत."

"घरंदाज हाय."

"पावसाळ्यात फुगते, काका."

"मग न्हाय जमायचं. आन् ही गोरी?"

तिसरी होती पांढऱ्याशुभ्र चौकटीची. एक सोडून दोन काचा, कडेनं काळं रबर, दांडी फिरवली की चहूबाजूंनी खिट्ट्या बसणार. ऊन बाहेरचं बाहेर, गारवा आतला आत, लाईट बिल अर्ध्यावर. "आन् दोन काचांच्या मधी गॅस भरलेला हाय," युवराज मोठ्या अभिमानानं म्हणाला.

हिंमतराव सतरंजीवरच मागं सरकले. "गॅस? आन् टाकी कुठं ठिवली?"

"टाकी नसते, काका. पेट न घेणारा गॅस असतो ह्यो."

"समदे असंच म्हणत्यात," हिंमतराव म्हणाले आणि पोह्यांची बशी घेऊन खिडकीपासून लांब जाऊन बसले.

दैवशालाबाईंनी काचेवरून हळूच हात फिरवला. डोळ्यांत पसंती दिसत होती, पण त्या बधल्या नाहीत. "आवाज येत न्हाय कशावरनं? लावून दाखवा."

अंगणाच्या कडेच्या नव्या खोलीला अजून चौकटच नव्हती. युवराजच्या माणसांनी दुपारपर्यंत तिथं तीच खिडकी आणि टेम्पोतलं तसंच दार बसवलं, फटींत फुगून घट्ट होणारा फेस मारला. आता फक्त समुद्राचा आवाज हवा होता. कळंबमध्ये भुसारापासून भंगारापर्यंत सगळं मिळतं, पण समुद्र मिळत नाही. मुळात तो किती मोठ्यानं गरजतो, हेच तिथं कुणाला ठाऊक नव्हतं. भागवतरावांनी समर्थला फोन लावला. त्यानं बिचाऱ्यानं किनाऱ्यावर जाऊन फोन लाटांसमोर धरला. इकडं सगळे कान देऊन बसले. फोनातून आवाज आला, "भस्स... भस्स..."

"ह्यो तर कुकर हाय," हिंमतराव म्हणाले.

"फोनात कुठं समुद्र मावतो, हिंमतराव?" असं म्हणत आयुबभाई उठले. आयुबभाई तेरखेड्याचे, फटाक्यांचे जुने कारागीर. भागवतरावांच्या गाडीतून ये-जा करता करता दोस्ती झालेली. "समुद्र म्हंजे लाट. आधी बारीक, मग मोठी, मग एकदम आदळती, मग जरा दम घेती. पाहिला मी बी नाय. पन अंदाज हाय ना! दोन-तीन तासांत माळ बांधून आणतो, भागवतराव. हूबहू समुद्र!"

दोन-तीन तासांनी आयुबभाई दुचाकीला पोतं बांधून हजर झाले. अंगणभर माळ अंथरली गेली. युवराजनं दैवशालाबाईंना दाराची दांडी कशी फिरवायची ते दाखवलं. त्या निवडायची डाळ सुपात घेऊन आत खिडकीशी जाऊन बसल्या, दार लागलं आणि आयुबभाईंनी वात पेटवली.

आणि कळंबमध्ये समुद्र आला. आधी तडतड, मग धडाड, मग असा काही गडगडाट, की हिंमतरावांची म्हैस दावं तोडून तेरच्या रस्त्याला लागली आणि तिच्यामागं फेटा धरून हिंमतराव. शेजारच्या गल्लीतली माणसं "कोण निवडून आलं?" म्हणत धावत आली. धुराच्या लोटात भागवतराव उभे होते. कानात शिट्ट्या वाजत होत्या आणि अंगावर काटा आला होता. खोटा समुद्र एवढा, तर खरा केवढा असेल! त्यांना रडूच यायचं बाकी होतं.

धूर विरला तेव्हा सगळ्यांनी खिडकीकडं पाहिलं. दैवशालाबाई डाळीतले खडे वेचत होत्या.

"ऐकू गेलं का गं?" भागवतराव ओरडले. मग त्यांनी हातवारे केले. बाईंनी वर पाहिलं, मंद हसल्या, सूप बाजूला ठेवलं, भिंतीला टेकल्या आणि डोळे मिटून घेतले.

"गेली!" म्हशीला घेऊन परतलेले हिंमतराव किंचाळले. "म्या सांगितलं हुतं! गॅस सुटला!"

भागवतराव दाराकडं धावले. दार आतून बंद. "युवराज, चावी!"

"चावी आतल्या अंगानंच लागलीय, काका."

"मग फोड काच!"

कुणीतरी धोंडा आणून दिला. युवराजनं नाइलाजानं मारला. धोंडा टण्णकन उलटा आला आणि पोह्यांच्या पातेल्यात पडला. भीतीनं पांढऱ्या पडलेल्या युवराजच्या चेहऱ्यावरही क्षणभर समाधान चमकून गेलं. "काका, वादळासाठी बनवलेली हाय ती. ऐकत न्हाय."

"आरं, वादळ ग्येलं खड्ड्यात! माझी बायको आत हाय!"

भागवतरावांनी काचेला दोन्ही पंजे टेकले. आयुष्यात एवढ्या माणसांची तिकिटं फाडली, पण या एका माणसाशिवाय कुठं जायचं, हे त्यांना कधी ठरवता आलं नव्हतं. "दैवशाला," ते काचेला तोंड लावून बोलू लागले, "न्हाय जायचं समुद्राला. मला न्हाय बघायचा. हितंच ऱ्हाऊ. तू म्हणशील तसं. तेवढे डोळे उघड." डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि काच श्वासानं धुकटत होती. आयुबभाईंनी अपराध्यासारखी टोपी काढून हातात घेतली.

तेवढ्यात दैवशालाबाईंनी डोळे उघडले. नवऱ्याकडं पाहिलं. एक हात वर करून, शांतपणे, "थांबा" अशी खूण केली. मग सूप ओढून उरलेली डाळ निवडली, एकेक खडा बाजूला काढला, पदर सारखा केला आणि सूप घेऊन उठून दार उघडलं.

"एवढी माणसं कशाला जमली?" त्यांनी विचारलं. "आन् फटाके कवा वाजवायचे?"

"फटाके वाजले की, भाभी! पोतंभर!" आयुबभाई म्हणाले.

"वाजले व्हय? मला नुसती फुलंच दिसली. लई झ्याक दिसली."

भागवतरावांना हसावं की रागवावं कळेना. "दार अडकलं हुतं का?"

"न्हाय, अडकंल कशाला. म्याच दांडी फिरवली."

"मग म्या हितं ऊर फुटंस्तोवर बोंबलतोय, तवा उघडलं का न्हाईस?"

"दिसत हुतं की समदं. तोंड हलत हुतं तुमचं." दैवशालाबाई जराशा लाजल्या. "लगीन झाल्यापासनं तुमचं बोलणं ऐकत आले. नुसतं बघितलं आज पैल्यांदा. बिनआवाजाचे लई चांगले दिसता तुमी."

अंगणात हशा पिकला. हिंमतराव तर म्हशीच्या पाठीवर डोकं ठेवून हसले. दैवशालाबाई मात्र गंभीर होत्या. त्यांनी त्या पांढऱ्या दाराकडं देवळाच्या गाभाऱ्याकडं पाहावं तसं पाहिलं. "काय शांत वाटतं वो आत! सोताचा जीव सोताला ऐकू येतो. एवढ्या वर्सांत म्हाईतच नव्हतं मला." मग युवराजकडं वळून म्हणाल्या, "समर्थला सांग, येते म्हणावं आई. हेच दार, हीच खिडकी. पण माझ्या खोलीला."

"आन् काकांच्या?"

"त्यांना कशाला? त्यांची खाट भाईर पडवीत टाका, समुद्राच्या तोंडाला. त्यांचं आन् समुद्राचं जमंल चांगलं. दोघं बी थांबत न्हाईत."

पुन्हा सगळे हसले आणि भागवतराव काय उत्तर देतात म्हणून त्यांच्याकडं पाहू लागले. पण भागवतराव गप्प होते. आयुष्यभर आपण शेजारी बसून बोलत राहिलो आणि या बाईला कधीतरी शांत बसावंसं वाटत असेल, हे आपल्याला समुद्रापेक्षाही लांबचं राहिलं, या आश्चर्यात ते बुडाले होते. ते खाली पायरीवर बसले.

अंगणातलं हसू हळूहळू थांबलं. दैवशालाबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग सूप खाली ठेवलं, लगबगीनं त्यांच्याजवळ आल्या आणि कपाळाला हात लावून पाहिला.

"अवो, काय झालं? बरं न्हाय का वाटत?" त्या त्यांचा खांदा हलवू लागल्या. "बोला की कायतरी! असं गप बसू नका, मला भ्या वाटतंय!"