दत्तात्रय मास्तरांचे कपाट

हरभऱ्याच्या डाळीचा डबा उतरंडीवरून घसरून सुलभाच्या खांद्यावर पडला, झाकण उडाले आणि डाळ थेट चुलीच्या राखेत गेली. तेव्हा स्वयंपाकघरात कपाट करायचेच, असा निर्णय दत्तात्रय मास्तरांनी जाहीर केला. निर्णय जाहीर करण्याची त्यांना सवय होती. ते पार पाडण्याचे काम आजवर बायकोकडे, म्हणजे सुलभाकडे असे. या खेपेस मात्र त्यांनी छिन्नी-हातोडी स्वतः हाती घेतली.

इतवाऱ्यातले हे स्वयंपाकघर गेल्या वर्षापर्यंत ऐसपैस होते. मग राज्यांच्या पुनर्रचनेची चर्चा सुरू झाली. बऱ्हाणपूर खानदेशासोबत मुंबईकडे जावे, असे थोरल्या लीलाधरचे मत पडले. ते मध्यप्रदेशातच राहावे, असे धाकट्या दत्तात्रयाचे. ज्यांनी हे ठरवायचे होते, त्यांना या दोघांची खबरही नव्हती. तरीही भावांनी बोलणे टाकले, आणि लीलाधरने स्वयंपाकघराच्या मधोमध भिंत घातली. ती उभी राहत असताना दत्तात्रयाने रागाने तिकडे पाहिलेसुद्धा नाही. धाकट्याकडे चूल आणि धुराडे आले. थोरल्याकडे धान्याची कोठी आणि सगळी फडताळे गेली. म्हणजे अलीकडे डबे ठेवायला जागा नाही आणि पलीकडे धूर जायला वाट नाही. शहाणी माणसे भांडली की वाटणी अशीच करतात.

त्यांची आई मथुराबाई अलीकडे राहत. नवरा हयात असताना त्याच्यासोबत बद्री-केदार पायी करून आलेली ही बाई. घरात तिचा शब्द खाली पडत नसे. तो एकदाच पडला, भिंतीच्या वेळी. तेव्हापासून त्या भिंतीबद्दल चकार शब्द बोलल्या नव्हत्या. दिवाळी तोंडावर आली होती, आणि एका घरात लक्ष्मीपूजनाचे दोन पाट मांडलेले पाहायची त्यांची तयारी नव्हती, एवढे मात्र सुलभाला ठाऊक होते.

"कपाट या भिंतीत खोद," मथुराबाईंनी काठीने जागा दाखवली. "चुलीच्या उजव्या अंगाले. जमिनीपासून."

"भिंत जाड आहे ना, माय?"

"मी काय गवंडी हाय? तू मास्तर. तूच पाह्य."

मास्तरांनी भिंतीवर थाप मारली, कान लावला, आणि जाणकारासारखी मान हलवली.

चौकट आणि पल्ले करायला नेपानगरच्या बांधकामावरून नुकताच शहरात आलेला गिरधर मिस्त्री ठरला. तो झाशीकडचा, मराठीचा त्याला गंध नव्हता. मास्तर त्याच्याशी अलमारीची गोष्ट काढणार, तोच मथुराबाईंनी अडवले. "अलमारी काय म्हणतो बाजारातल्यासारखं? कपाट म्हण. मास्तर माणसानं शुद्ध बोलावं."

शुद्ध म्हटले की मास्तरांना हुरूप येई. "गिरधर, हमको एक कपाट चाहिए. दीवार में बैठेगा."

"कितना ऊँचा, बाबूजी?"

"हमारी पत्नी का हाथ ऊपर तक पहुँचे, इतना."

"दो पल्ले का? और कुंडी दोनों तरफ लगा दूँ?"

दोन पल्ले म्हटल्यावर दोन्हींकडे कुंडी हवीच, असा विचार करून मास्तर म्हणाले, "हाँ हाँ, दोनों तरफ. मजबूत."

धनत्रयोदशीच्या सकाळी मास्तरांनी खोदकाम आरंभले. पहिली वीट सहज निघाली. दुसरी त्याहून सहज निघाली. तिसरीला त्यांनी हातोडी लावली, आणि ती अलीकडे यायच्याऐवजी पलीकडे निघून गेली. पाठोपाठ "अव माय व!" अशी किंकाळी आली.

"तुम्ही कुठली भिंत खोदून राहिले?" सुलभाने विचारले.

"आपलीच," मास्तर म्हणाले. पण आवाजात पूर्वीचे बळ नव्हते.

वरच्या विटांचा आधार गेला होता. त्यांनी क्षणभर विचार केला, आणि मग सगळ्या एकमताने खाली आल्या. धूळ बसल्यावर माणूस सरळ जाईल एवढे भगदाड दिसले. त्याच्या पलीकडे भाकरीच्या पिठाची परात, परातीत वीट, आणि केसांपासून भुवयांपर्यंत पांढरी झालेली सुलभाची मोठी जाऊ धुरपदाबाई.

"काय हो भाऊजी," धुरपदाबाई पीठ झटकत म्हणाली, "सरकारची पुनर्रचना तुम्हीच करून राहिले का?"

"वहिनी, मी कपाट..."

"कपाट? मले वाटलं, तोफ डागली!"

लीलाधर धावत आला. भावाशी बोलायचे नाही, हा नेम त्याने या गडबडीतही मोडला नाही. "धुरपदा, त्याले विचार, एका विटेच्या भिंतीत कोणता शहाणा कपाट खोदतो?"

"सुलभा, यांना विचार, एका विटेची भिंत कोणता शहाणा घालतो?"

"धुरपदा, त्याले सांग, माझी भिंत होती तशी करून दे!"

"विटा कुठं भेटतीन दिवाळीत?" धुरपदाबाईने मध्येच आपलाही प्रश्न घातला. तिचे डोळे मात्र समोरच्या धुराड्यावर खिळले होते. वर्षभर धुरात स्वयंपाक करून ते लाल झाले होते. सुलभा तिच्या खांद्यावरून मोकळ्या फडताळांकडे पाहत होती. दोघींपैकी कोणीही भिंतीची निकड दाखवली नाही.

तेवढ्यात गिरधर मिस्त्रीची हातगाडी दाराशी आली. तिच्यावर सागवानी चौकट होती, तिला दोन देखणे पल्ले होते, आणि पल्ल्यांना पुढून एक कुंडी, मागून एक कुंडी होती. फळी मात्र एकही नव्हती.

"ये क्या है?" मास्तरांनी विचारले.

"कपाट, बाबूजी."

"ये तो दरवाजा है!"

"तो कपाट और क्या होता है?" गिरधर बुचकळ्यात पडला. मग त्याने भगदाड पाहिले, दोन्हीकडची माणसे पाहिली, आणि त्याचा चेहरा उजळला. "वाह! जगह तो आपने एकदम नाप की निकाली है!"

त्याने चौकट उचलून भगदाडात धरली. एक वीट काढावी लागली, एवढेच.

"दिवाळीपुरतं राहू द्या," मथुराबाई पाटावर बसल्या जागेवरून म्हणाल्या. "उघडं भगदाड ठेवून लक्ष्मीपूजन होत नाही. लीलाधर, तुह्या बाजूनं कुंडी हाय. दत्तू, तुह्याही बाजूनं हाय. ज्याले राग येईन, त्यानं लावून घ्यावं."

दोन्ही कुंड्या असल्यामुळे दोन्ही पक्षांचा मान राहिला. आपण हरलो, असे कोणालाच म्हणता येईना. संध्याकाळी सुलभाचे डबे पलीकडच्या फडताळात गेले, कारण उतरंडीवर फराळाला जागा नव्हती. सकाळी धुरपदाबाईची कढई अलीकडच्या चुलीवर आली, कारण शेव तळताना धूर फार होतो. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पाट एकच मांडला गेला. तो कोठे मांडावा यावर भावांचे पुन्हा मतभेद झाले. पण आता ते एकमेकांशी थेट भांडत होते, आणि भांडता भांडता एकाच पुड्यातली मावा जिलेबी खात होते. शहर कोणत्या राज्यात राहिले, ते एव्हाना ठरून गेले होते. त्याचा उल्लेख दोघांनीही केला नाही.

पाडव्याला मास्तरांना एकाएकी काही आठवले. "माय, कपाट म्हण, हे तूच सांगितलं होतं."

"हाव."

"आणि भिंत घालताना गवंड्याला चहा देत तूच तर इथं बसून होतीस. एकच वीट आहे, हे तुला ठाऊक होतं!"

मथुराबाईंनी अनारशाचा तुकडा सावकाश मोडला. "बद्रीनाथाले आम्ही पोचलो, तर देवाचं दार बंद. लोक थंडीत कुडकुडत उभे. मंग एकाएकी ओरडा झाला, 'कपाट खुल गए, कपाट खुल गए!' तुह्या बापाले वाटलं, देवाचं फडताळ उघडलं, आता प्रसाद भेटीन." त्या प्रथमच हसल्या. "तवापासून मले त्या शब्दाचा हिंदीतला अर्थ पक्का ठाऊक हाय."

मास्तरांनी वळून त्या सागवानी दाराकडे पाहिले.

"सुलभा," मथुराबाईंनी हाक मारली, "त्या कुंड्या कोणी लावते का?"

"नाही, आत्याबाई."

"मंग त्याईले झारा अन् चाळणी टांग. घरात जागा कुठं हाय?"