संगमरवरी पिकअप

उन्हाळ्यात कन्हान नदीत पाणी कमी आणि वाळू फार. पलीकडच्या गावातला आजारी माणूस बाजेवर निजवून, चौघांच्या खांद्यावरून सडकेपर्यंत आणावा लागे. १९७४ साली ही गोष्ट शहरात, धरमपेठेत राहणाऱ्या आम्हा लोकांच्या जिव्हारी लागली आणि आम्ही रुग्णसेवा समिती स्थापन केली. मी तिचा चिटणीस. तेव्हा खरं काय झालं ते माझ्याकडूनच ऐका. बाकीचे काहीही सांगत सुटलेत.

लिलावात एक जुनी पिकअप घेतली. वाळूत चालवायची तर गाडी हलकी आणि टायर रुंद हवेत, हे आम्हाला कळत होतं. तसा ठरावही केला होता. पण देणगी म्हटली की देणाऱ्याचं नाव आलं. ते देवळाच्या पायरीवर असतं, शाळेतल्या पंख्याच्या पात्यावर असतं, मग गाडीनंच काय घोडं मारलंय? टायरवर नाव टिकत नाही, म्हणून टायरांना देणगीदार मिळाला नाही. रंगानं लिहावं तर रंग उडतो. शेवटी संगमरवर ठरला. अध्यक्ष शरच्चंद्रराव वकिलांनी मातोश्रींच्या स्मरणार्थ मागचा बाक दिला, मी वडिलांच्या स्मरणार्थ पायरी. दारं, फळ्या, बाजू, सगळीकडे जाड पाट्या बसल्या. गाडी इतकी देखणी झाली की एका म्हाताऱ्यानं चपला काढून तिला नमस्कार केला.

उद्घाटनाच्या दिवशीच पलीकडून निरोप आला, प्रेमिला नावाची सून बाळंतपणात अडली आहे. आम्हाला फार आनंद झाला. हारतुरे, भाषणं आटोपून गाडी निघाली; वाळूत आम्ही समितीवाले तिच्यामागे चालत. जाताना कशीबशी पोचली. येताना प्रेमिला आणि तिची सासू प्रयागबाई बसल्या, आणि नदीच्या मध्यावर मागची चाकं पार रुतली.

"वजन कमी करावं लागन," ड्रायव्हर शालिकराम म्हणाला.

"एखादी पाटी काढू," मी सुचवलं.

"काढा की. तुमची?" वकीलसाहेबांनी विचारलं.

वडिलांना वाळूत टाकणं मला शोभलं नसतं. मातोश्रींना टाकणं त्यांनाही शोभलं नसतं. तिथेच उभ्याउभ्या सभा झाली आणि सर्वानुमते रुग्णाला उतरवण्यात आलं.

"काहून उतरवून राहिले गा तिले?" प्रयागबाईनं वकीलसाहेबांना विचारलं. "कळा तिले येऊन राहिल्या, दगडाले नाही."

"बाई, जपून बोला. ते दगड नाहीत, स्मृती आहेत."

प्रेमिला उतरली, तरी गाडी हलली नाही. बाज तर गावातच राहिली होती. अखेर गाडीच्या सावलीत लुगड्याचा आडोसा करून प्रयागबाईनं सुनेला मोकळं केलं. मुलगी झाली. दोघी सुखरूप. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. वकीलसाहेबांनी लगेच मुलीला समितीची पहिली लाभार्थी जाहीर केलं.

गाडी अजून तिथेच आहे. येणारेजाणारे थांबून नावं वाचतात.

आता दुसरी घ्यायची आहे; हलकी, रुंद टायरांची. तुम्ही हसलात, म्हणजे आमची चूक तुमच्या ध्यानात आली, बरं झालं. तुमच्यासारख्यांसाठीच माझ्या ओट्यावर एक पेटी ठेवली आहे. तिच्यात टाकणाऱ्याचं नाव कुठेही लागणार नाही. ती अजून रिकामीच आहे.