चार भिंती नि एक भोक

"गवंडी कसाले पाहिजे?" झुलाल नानांनी टोपी खुंटीला अडकवता अडकवता विचारलं. "न्हाणी म्हणजे शे काय? चार भिंती नि एक भोक! त्यातल्या दोन भिंती घरले आधीच शेत. ऱ्हायनात दोन. नि भोक तं बठ्ठ्यात सोपं!"

"आन कपाट?" प्रमिलाबाईंनी चुलीपुढूनच विचारलं.

"कपाट म्हणजे दुसरं भोक. फक्त आरपार न जाणारं."

नाना धुळ्याच्या एका जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, काटेवाले होते. कपाशीची गाडी फाटकातून आत आली की काट्यावर चढायच्या आधीच ते वजन सांगायचे, आणि ते बरोबर यायचं. त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू आपल्याला नजरेनं मोजता येते असं त्यांचं ठाम मत झालं होतं. पण प्रमिलाबाईंना आता नजरेची नाही, भिंतीची गरज होती.

गोष्ट अशी होती. त्यांची एकुलती मुलगी मंदा भुसावळला दिली होती. जावई रुपचंद रेल्वेत बुकिंग क्लार्क. क्वार्टरमध्ये राहणारा, नळाखाली आंघोळ करणारा, रुमालाची घडीसुद्धा कोपऱ्याला कोपरा लावून करणारा माणूस. लग्नानंतर तो पहिल्यांदा धुळ्यातल्या देवपुरात सासरी आला, तेव्हा नानांनी त्याच्या आंघोळीसाठी अंगणात बाज उभी करून तिच्यावर गोधडी टाकली होती. रुपचंदनं धोतर बाजेवर टाकलं आणि डोक्याला साबण लावला. तेवढ्यात डाव्या हाताच्या शेजाऱ्याची, चुडामण तेल्याची बकरी आली आणि तिनं धोतराचं टोक धरलं. धोतराबरोबर गोधडी गेली, गोधडीबरोबर बाज आडवी झाली. गल्लीतल्या बायका नेमक्या तेव्हाच पाणी भरून परत येत होत्या.

तेव्हापासून मंदा माहेरी आलेली नव्हती. सगळ्या खानदेशच्या लेकी अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येतात, झोका खेळतात, गाणी म्हणतात. मंदाचा झोका मात्र मागच्या अखाजीला रिकामाच लोंबत होता. यंदा प्रमिलाबाईंनी आपल्या भावाला, धनसिंगला, लेकीला आणायला भुसावळला पाठवलं. तो एकटाच परत आला.

"पाव्हणा म्हणतो, मंदाले मी स्वतः लई येसू," धनसिंगनं निरोप सांगितला. "न्हाणी देखसू, आंघोळ करसू. कपडा ठेवाले कपाट पाहिजे. बठ्ठं झकास व्हयनं तं मंदा अखाजीले ऱ्हाई. नही तं संध्याकाळनी गाडीतीन दोन्ही वापस."

प्रमिलाबाईंनी डोळ्याला पदर लावला. नानांनी मात्र मांडीवर थाप मारली. कितीतरी दिवसांनी त्यांना इतका आनंद झाला होता.

"दोन भोकं!" ते म्हणाले.

मागच्या खोलीचा कोपरा ठरला. एका अंगाला परसातली भिंत, दुसऱ्या अंगाला नजीर पिंजाऱ्याच्या घराची सामाईक भिंत. नजीर म्हणजे उजव्या हाताचा शेजारी. त्याच्या घरात दिवसभर कापूस पिंजल्याचा टंग टंग आवाज चालायचा, आणि जावयासाठी नवी गादी भरायचं कामही त्यालाच दिलेलं होतं. नानांनी शिमिटाचं पोतं आणलं, ते अंगणाच्या मध्यभागी ठेवलं आणि दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवलं. मदतीला धनसिंग होताच. धनसिंग शिरपूरकडचा, ज्वारीच्या ताटासारखा उंच. नाना त्याच्या कोपराला लागायचे.

"देख धनसिंग," नानांनी भिंतीवर कोळशानं चौकोन काढला. "कपाट खाले पाहिजे. पाव्हणा पाटवर बसेल ऱ्हाई, तठून बसल्या बसल्या हात पोचना पाहिजे. भिंत दोन हात जाड शे, मी मोजेल शे. तू दीड हात खोद. मी शिमिट कालवस."

"दीडच ना, दाजी?"

"दीड! जास्त नही, कमी नही."

धनसिंग प्रामाणिक माणूस. त्यानं दर थोड्या वेळानं पहार बाजूला ठेवून हात घालून माप घेतलं. एक हात झाला. सव्वा झाला. दीडला चार बोटं कमी असताना पहार एकदम हलकी लागली आणि भिंतीतून पांढरा ढग बाहेर आला. धनसिंगला ठसका लागला. ढग बसल्यावर भोकाच्या पलीकडे एक दाढी दिसली. दाढीला कापूस चिकटला होता.

"क्या नाना," दाढी म्हणाली, "दरवाजा सोडून आज इकडून?"

नाना धावत आले. त्यांनी भोकातून नजीरकडे पाहिलं, मग धनसिंगकडे, मग धनसिंगच्या हाताकडे. मग त्यांनी आपला हात त्याच्या हाताला लावून पाहिला. नानांचा हात संपला तिथून धनसिंगचं मनगट सुरू होत होतं.

"अरे, कोना हात मोजा तू?"

"मना! तुम्हना हात मी कोठून आनू? तुम्ही तं शिमिट कालवी ऱ्हायंतात!"

यावर नाना खूप जोरात हसले. "काही हरकत नही! नजीरभाई, तुम्ही तुम्हना अंगनी एक फळी ठोका. कपाट तयार!"

पण फळी ठोकायची वेळ आली तेव्हा नजीरची बायको हुस्नबानो आडवी आली. तोपर्यंत त्या भोकातून तिकडची विरजणाची वाटी इकडे आणि इकडची पापडाची चळत तिकडे गेली होती.

"रहने दो जी," ती म्हणाली. "प्रमिलाअक्काला काही मागायचं तर गल्लीला वळसा घालून जावं लागतं. आता बसल्या जागी गोष्टी होतात."

"हा तर," प्रमिलाबाई भोकातून म्हणाल्या. "ठोकू नका. नुसती टेकाडी ठेवा."

फळी नुसती टेकवली गेली. ती पडू नये म्हणून नजीरनं तिला जावयाची नवी गादी लावली, आणि गादीमागे पिंजलेल्या कापसाचा ढीग.

मग दार आलं. नानांनी चौकट स्वतः बसवली होती आणि जुन्या बाजारातून 'साडेतीन हात उंच, दीड हात रुंद' दार आणायला धनसिंगला पाठवलं होतं. धनसिंगनं ते कोणाच्या हातानं मोजलं हे सांगायला नको. दार अंगणात उभं केलं तेव्हा देवळाच्या दारासारखं दिसलं. नानांनी दोन दिवस ते करवतीनं कापलं, पटाशीनं तासलं आणि शेवटी खांद्यानं धक्के देत चौकटीत आत बसवलं.

"जरा घट्ट शे," धनसिंग म्हणाला.

"घट्टच पाहिजे! बकरी येवाले नको!"

उताराचं काम शेवटी राहिलं. "परसातल्या भोकाकडे चार बोटं उतार दे," असं सांगून नाना लोकांना न्हाणी पाहायला बोलवायला गेले. धनसिंगचं एक बोट म्हणजे नानांची दोन.

शिमिट वाळलं. प्रमिलाबाई म्हणाल्या, "घागरभर पानी तरी टाकी देखा."

"खबरदार!" नाना दारात आडवे झाले. "पहिलं पानी जवाईबापूनं! कोरी न्हाणी शे, उष्टी करानी नही."

अखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी टांगा दाराशी थांबला. मंदा उतरली आणि थेट आईच्या गळ्यात पडली. रुपचंद उतरला तो थेट मागच्या खोलीत गेला. त्यानं चार भिंती पाहिल्या. दार वाजवून पाहिलं. तांब्याचा बंब पाहिला, गार पाण्यानं काठोकाठ भरलेला रांजण पाहिला, कपाट पाहिलं. कपाटाच्या पाठीमागची फळी त्याला नीट बसलेली वाटली.

"नाना," तो म्हणाला, "हे कोणत्या गवंड्यानं केलं?"

नानांची छाती थोडी पुढे आली.

"उत्तम," रुपचंद म्हणाला. "मंदाची ट्रंक आत घ्या."

दोन वाक्यांत प्रमिलाबाईंची अखाजी झाली. ट्रंक आत गेली. रुपचंद पंचा नेसून न्हाणीत शिरला. कोट, सदरा, धोतर, टोपी यांच्या घड्या त्यानं कोपऱ्याला कोपरा लावून कपाटात ठेवल्या. नानांनी बाहेरून खांदा लावून दार घट्ट बसवून दिलं. मग नाना, धनसिंग आणि प्रमिलाबाई दाराबाहेर रांगेत उभे राहून ऐकू लागले.

पहिला तांब्या पडला.

"वा!" आतून आवाज आला. नानांनी धनसिंगला कोपर मारलं.

दुसरा तांब्या पडला. मग काहीतरी घसरल्यासारखा सर्रकन आवाज आला आणि "अरे!" ऐकू आलं.

"काय व्हयनं, जवाईबापू?"

"काही नाही. पाट सरकला."

पाट सरकला तो रुपचंदसकट सरकला, आणि उताराच्या टोकाला परसातल्या भोकावर जाऊन असा फिट्ट बसला की तो त्या भोकासाठीच केलाय असं वाटावं. रुपचंद उठला, तर पायाखाली साबण. त्यानं आधारासाठी जे हाताला लागलं ते धरलं. तो रांजण होता. इतका वेळ त्या उतारावर नुसत्या भिडेनं उभा राहिलेला रांजण आता त्याच्या मागोमाग निघाला.

बाहेर फक्त धाडकन आवाज आला आणि पाठोपाठ नदीचा.

"नाना! पाणी तुंबलं! दार उघडा!"

"आतून ओढा, जवाईबापू! मी ढकलस!" आणि नानांनी दार ढकललं. आधीच घट्ट असलेलं दार पाणी पिऊन फुगलं होतं. ढकलल्यावर ते आणखी आत जाऊन रुतलं. आत रुपचंदनं जोर केला तेव्हा कडी त्याच्या हातात आली.

"कडी माझ्या हातात आहे!" तो ओरडला.

"मंग ओढा!"

"दार तिकडेच आहे!"

पाणी गुडघ्याकडे चढायला लागलं. मग कपाटापाशी पोचलं. कपाटातल्या फळीनं थोडा विचार केला आणि ती पलीकडे पडली. कोट, सदरा, धोतर, टोपी घडीसकट पाण्याबरोबर नजीरच्या घरात गेली. तिकडून नजीरचा आवाज आला, "या अल्ला! नाना, ये क्या भेजा?"

"नजीरभाई!" नाना भिंतीला तोंड लावून ओरडले. "मांगेमांगे जवाई येस! त्याले धरा!"

त्या न्हाणीतून निघायला दुसरा मार्गच नव्हता. रुपचंदनं आधी डोकं घातलं, मग खांदे. नजीरनं बगलेत हात घालून ओढलं. भुसावळ स्टेशनचा बुकिंग क्लार्क ओल्या पंच्यावर सासऱ्याच्या कपाटातून निघून पिंजाऱ्याच्या कापसाच्या ढिगात पडला. धडपडून उठला तेव्हा त्याचे फक्त डोळे दिसत होते. बाकी सगळा कापूस होता.

हुस्नबानो किंचाळली. तिच्या किंचाळण्यानं रुपचंद घाबरला आणि समोर दिसलं त्या दारातून बाहेर पळाला. बाहेर कडुलिंबाला अखाजीचा झोका बांधला होता आणि गल्लीतल्या एकूण एक माहेरवाशिणी तिथं गाणं म्हणत होत्या. गाणं मध्येच थांबलं. झोक्यावर मंदा होती. तिनं त्या पांढऱ्या आकृतीकडे नीट पाहिलं.

"अगं बाई," ती म्हणाली, "हे तर आमचेच."

घरात आल्यावर रुपचंद बाजेवर बसला. प्रमिलाबाई त्याच्या अंगाचा कापूस वेचत होत्या आणि रडत होत्या. शेवटी तो म्हणाला, "संध्याकाळच्या गाडीनं निघतो. ट्रंक बाहेर काढा."

मंदानं ट्रंकेकडे पाहिलं आणि मग आत जाऊन नवऱ्याचा कोट घेऊन आली. कोटाला बोटभर ओला कापूस बसला होता. कोट मेंढीसारखा दिसत होता. धोतराचीही तीच गत होती.

"हे घालून भुसावळला उतरणार का?" तिनं विचारलं. "स्टेशनावर सगळी तुमचीच माणसं."

रुपचंदनं कोटाकडे पाहिलं. "वाळायला किती वेळ लागेल?"

"वाळला की कापूस काढायचा. नजीरचाचा म्हणतात, एक एक धागा काढावा लागतो. अखाजी होऊन जाईल."

अखाजी झाली. नानांचं आखूड धोतर नेसून रुपचंदनं मांडे आणि आमरस खाल्ला. मंदा पोटभर झोका खेळली. न्हाणीचं रुतलेलं दार धनसिंगनं पहारीनं उखडून काढलं होतं, आणि प्रमिलाबाई नि हुस्नबानो भोकाच्या दोन बाजूंना बसून कोटाचा कापूस काढत होत्या. काम भराभर होत आलं की मंदा येऊन दोघींना गप्पांना लावून द्यायची.

आणि रुपचंद हळूहळू रिकामा बसून न्हाणीकडे पाहायला लागला. तिसऱ्या दिवशी तो उठला, भोकात डोकावला, उतारावर तांब्या ठेवून तो घरंगळताना पाहिला.

"नाना, कल्पना उत्तम आहे. चुकलं ते माप," तो म्हणाला. "हातानं मोजतात का कुठं? रेल्वेत आम्ही फूटपट्टीनं मोजतो. कपाट मुळात ओल्या बाजूला नकोच. कोरड्या बाजूला, न्हाणीबाहेर खोलीच्या समोरच्या भिंतीत पाहिजे. मीच करून दाखवतो. गवंडी कशाला?"

नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी जावयाच्या हातात पहार दिली.

कोट उद्या नक्की तयार होतो, असं प्रमिलाबाई सांगायला आल्या होत्या. मंदानं त्यांना हळूच चुलीकडे नेलं. मग ती परत आली आणि पट्टी धरून उभी राहिली. समोरच्या भिंतीच्या पलीकडे चुडामण तेली राहायचा. लहानपणी लपंडाव खेळताना मंदा त्याच्याच घरात, भिंतीला लागून ठेवलेल्या तेलाच्या रांजणांमागे लपायची.

"ही भिंत किती जाड असेल गं?" रुपचंदनं विचारलं.

"पुष्कळ," मंदा म्हणाली. "आणि इथंच खोदा. इथं माती मऊ आहे."

रुपचंदनं नुकताच साफ झालेला सदरा आणि धोतर अंगावर चढवलं, पट्टीनं चौकोन आखला, कोपऱ्याला कोपरा जुळवला आणि पहार मारली. पलीकडचा रांजण भरलेला होता.