मास्तरांचा पाय आणि मास्तरांचा शिक्का

सत्त्याहत्तर वर्षांत तोकुजी मास्तरांचा पाय एकदाही चुकला नव्हता. असं ते स्वतःच सांगत, आणि कोणी विचारलं नसतानाही सांगत. तोचिनो गावच्या पोस्टात त्यांनी अडतीस वर्षं काढली, पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे गाव अजूनही त्यांना मास्तरच म्हणे. "म्हातारे ब्रेक सोडून अ‍ॅक्सिलरेटर दाबतात आणि लोकांच्या दुकानात गाड्या घुसवतात," ते म्हणत, "कारण त्यांचं लक्ष नसतं. मी वाचल्याशिवाय शिक्का मारत नाही आणि बघितल्याशिवाय पाय ठेवत नाही."

त्या रविवारी मुलगी चिहारु दहा वाजून बारा मिनिटांच्या ट्रेनने येणार होती. कशासाठी, हे उघड होतं. बापाचं ड्रायव्हिंग लायसन्स परत करायचं होतं. हल्ली जपानभर मुलांना हेच खूळ लागलंय. बाप सत्तरीच्या पुढे गेला की निघाले कागद घेऊन! पण तोचिनोत बस दिवसातून दोनदा येते. लायसन्स गेलं की गरम झऱ्यावरची अंघोळ गेली, बाजार गेला, आणि मास्तर डोंगरावरच्या घरात जन्मभर कोंडले गेले. फोनवर ते लेकीला एवढंच म्हणाले होते, "ये. आधी माझ्या गाडीत बस, मग बोल."

म्हणजे आज वेळेवर पोचणं आणि झोकात पोचणं भाग होतं.

साडेनऊला मास्तर गाडीत बसले. पुढची जागा लेकीसाठी ठेवून बायको हात्सुए मागे बसल्या. गॅरेज रस्त्याच्या खाली होतं आणि वर यायला चांगला खडा चढ होता. मास्तरांची रीत ठरलेली होती. पाय दाणकन आपटायचा, की गाडी थेट रस्त्यावर.

त्यांनी पाय आपटला. गाडी नुसती गुरगुरली आणि जागेवरच राहिली.

पुन्हा आपटला. तेच.

"अहो, पीं पीं असं काहीतरी वाजतंय," हात्सुए म्हणाल्या.

"तुझ्या कानात वाजतंय."

बारीक आवाज मास्तरांना सात वर्षांपासून ऐकू येत नव्हते. त्यांच्या मते जगानेच बारीक आवाज काढणं सोडलं होतं.

मग तपासणी सुरू झाली. पेट्रोल भरपूर होतं. हँडब्रेक सुटलेला होता. गिअर जिथे असायला हवा तिथेच होता. पायाखालचं मॅट अडकलं असेल म्हणून मास्तरांनी ते उपसून अंगणात फेकलं. तरी ढिम्म. जितका राग चढे तितका पाय जोरात पडे, आणि पाय जितका जोरात पडे तितकी गाडी शहाण्या माणसासारखी गप्प बसे.

"कालच तर त्या मुराओकाने तपासणी करून आणून दिली," मास्तर कडाडले. "चोर आहे तो."

गावच्या मेकॅनिकला असा फोन गेला:

"काल गाडी तपासलीस की तिचा जीव काढून घेतलास?"

"मास्तर, तिच्यात ते नवीन..."

"कारणं नकोत. निघ आणि ये." फोन बंद.

तेवढ्यात समोरच्या किकुनोबाई टोपलीभर पर्सिमनची फळं घेऊन आल्या. वय एक्याऐंशी. मास्तर त्यांच्यावर फार दिवसांपासून खार खाऊन होते, कारण त्या गाडी इतकी हळू चालवत की त्यांच्या मागे अडकलेला माणूस घरी पोचेपर्यंत त्याचा भात निवून जाई.

"मी बघू का जरा?" बाई म्हणाल्या.

"बघा की. बॉनेट उघडून बघा, टायरला नमस्कार करा. तुमचं काय जातंय?"

बाईंनी चपला काढून दारापाशी नीट जुळवून ठेवल्या, आत बसल्या आणि झोपलेल्या बाळाला थोपटावं तसा पायाचा अंगठा पेडलवर टेकवला. गाडी निघाली. संथपणे, न धापता, हात्सुएंना मागे घेऊन चढ चढली आणि रस्त्यावर जाऊन थांबली.

खाली मास्तर, किकुनोबाईंच्या चपला आणि पर्सिमन एवढेच उरले.

"चला हो," हात्सुए खिडकीतून म्हणाल्या. "वर आलीय ना गाडी? नऊ पंचेचाळीस झालेत."

कोणताही शहाणा माणूस गुपचूप जाऊन बसला असता. पण शहाण्यांची गोष्ट मी सांगत नाहीये. मास्तर वर गेले, बाईंना उतरवलं आणि गाडी रिव्हर्समध्ये टाकून पुन्हा गॅरेजमध्ये आणून उभी केली.

"अहो, हे काय करताय?"

"बाईने चढवलेल्या गाडीत बसून मी लेकीला आणायला जाणार नाही. माझी मी चढवीन."

आणि पाय आपटला.

मुराओका स्कूटरवरून आला तेव्हा मास्तर चौदाव्यांदा पाय आपटत होते, हात्सुए मागच्या सीटवर डोळे मिटून बसल्या होत्या आणि किकुनोबाई वरून "हळू, मास्तर, हळू" म्हणत होत्या. मुराओकाने क्षणभर कान दिला आणि त्याचा चेहरा उजळला.

"अरे वा, झकास चाललंय की."

"काय चाललंय?"

"यंत्र. सत्तरीच्या वरच्यांसाठी गावकचेरी फुकट बसवून देतेय ना, ते. उभ्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटरवर पाय जोरात पडला की ते समजतं, माणूस चुकला. मग वाजतं आणि गाडीला पुढे जाऊ देत नाही. हळू दाबलं की काही नाही."

"मी चुकलो?" मास्तरांचा आवाज इतका खाली आला की मुराओका एक पाऊल मागे सरकला. "अडतीस वर्षं या गावाची पत्रं मी पोचवली. आणि हा एवढासा डबा ठरवणार मी चुकलो? कोणाला विचारून बसवलास? माझ्या शिक्क्याशिवाय या घरात खिळा ठोकला जात नाही."

मुराओकाने जर्किनच्या खिशातून कागद काढला. अर्जदार: तोकुजी क्वाबारा. खाली सहीच्या जागी मास्तरांचा लाल शिक्का, गोल आणि अगदी सरळ. अडतीस वर्षांच्या सरावाशिवाय असा शिक्का बसत नाही.

"ऑगस्टमधला दिसतोय," हात्सुए मागून म्हणाल्या. "गल्लीत घरोघर फिरणारी सूचनांची फाइल आली होती बघा. शाळांचा बेसबॉलचा सामना सुरू होणार म्हणून टेबलावरचा अख्खा गठ्ठा तुम्ही एका दमात शिक्के मारून संपवलात."

किकुनोबाई पर्सिमनकडे बघू लागल्या. हसू दाबायला माणसाला काहीतरी बघावं लागतं.

दातओठ खात, पण पाऊल अलगद, मास्तरांनी पेडल दाबलं. गाडी चढली. नाक्यावर अलगद. सिग्नलला अलगद. त्यांना ओलांडून सायकलवरून एक भाजीवाली गेली, आणि तिने वळून बघितलंही. हा अपमान गिळत मास्तर पंचवीस मिनिटं उशिरा स्टेशनवर पोचले.

चिहारु बाकावर बसली होती. उशिराबद्दल चकार शब्द न काढता ती पुढे बसली. अर्ध्या वाटेपर्यंत ती बापाच्या पायाकडेच बघत होती.

"बाबा, किती छान चालवता हो हल्ली. पूर्वी माझ्या पोटात गोळा यायचा."

मास्तरांची छाती फुगली. जिंकलो, त्यांना वाटलं.

"म्हणूनच जास्त वाईट वाटतंय," असं म्हणून तिने पर्समधून कागद काढला. "पण तुम्ही एवढ्या मोठ्या मनाने ठरवलंत. उद्या मी हा पोलीस ठाण्यात देईन. शेवटचं एकदा तुमच्या गाडीत बसायचं होतं. 'आधी गाडीत बस' म्हणालात ना, तेव्हा मी फोन ठेवून रडले."

मास्तरांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. लायसन्स परत करण्याचा अर्ज, आणि तो मुलीने सादर करावा असं संमतिपत्र. खाली शिक्का. गोल, लाल, सरळ.

"हा तुला कुठे मिळाला?"

"मी ऑगस्टमध्ये ओबोनच्या सणाला आले तेव्हा टेबलावर ठेवून गेले होते, वाचून विचार करा म्हणून. आठवड्यात पोस्टाने आला की परत."

"मी पाठवला," हात्सुए मागून म्हणाल्या. "लिफाफ्यावर चिहारुचा पत्ता होता. मी काही वाचलं नाही. घरात वाचणारे तुम्ही."

मास्तरांपुढे दोनच वाटा होत्या. एक, गप्प बसून लायसन्स घालवायचं. दुसरी, अडतीस वर्षांची अब्रू या गाडीत, बायकोसमोर, घालवायची. मास्तरांनी समोरचा डोंगर बघितला, त्यावरचं आपलं घर बघितलं, दिवसातून दोनदा येणारी बस आठवली.

"मी तो वाचला नव्हता," ते म्हणाले.

"काय?"

"न वाचता शिक्का मारला. सामना सुरू होणार होता."

चिहारुने बापाकडे बघितलं, मग कागदाची घडी केली आणि ती त्यांच्या खिशात सरकवली. "मग हा आधी वाचा. पुढच्या ओबोनला बोलू. तोवर असंच हळू चालवायचं."

मास्तरांनी सुस्कारा सोडला. सुटलो, असं वाटून ते गाडी सुरू करणार, तोच मागच्या सीटवरून हात्सुएंचा थंड आवाज आला.

"एक विचारू? आपल्या लग्नाच्या नोंदणीचा कागद. तो तरी वाचला होतात का?"

चोपन्न वर्षांपूर्वीचा तो दिवस मास्तरांना लख्ख आठवला. शरद ऋतू होता. रेडिओवर बेसबॉलचा अंतिम सामना होता.

त्यांनी पेडलवर पाय ठेवला. अगदी, अगदी हळू.