पास्कूअंकलचा तीन नंबर

रायन आणि तान्या,

आपली आळी सात-शून्यने हरली हे तुम्हाला टोरंटोत बसून माझ्या आधी कळलं. कोणीतरी मोबाइलवर सातही गोल पाठवले म्हणे. तुम्ही फोनवर हसलात ते ठीक. पण तान्याने विचारलं, "आजी, आपले दहाच प्लेयर का होते?" तेव्हा मी "नंतर सांगते" म्हणून फोन ठेवला. ते आता सांगते. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला स्वतः वाचता आलं असतं, पण आळीतली भांडणं इंग्रजीत फारच सभ्य वाटतात. आईकडून वाचून घ्या.

उत्तर पास्कूअंकलपासून सुरू होतं. तुम्हाला ते आठवत असतील. गेल्या खेपेला त्यांनी तुम्हाला केळीचा अख्खा लोंगर दिला होता, आणि तो विमानात नेता येत नाही हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये आपल्या घरी जपमाळेची प्रार्थना होती. पन्नासेक माणसं आली. पास्कू मागच्या रांगेत होता. प्रार्थना संपायच्या आधीच तो उठून बाहेर गेला. मला वाटलं, गुडघे दुखत असतील. आम्ही बाहेर आलो तर अंगणभर चपला मांडलेल्या. अकरा जोडांतली एकेकच. मागे चार, मध्ये चार, पुढे दोन. फूटपट्टीने आखाव्यात तशा सरळ रांगा. गोलकीपर म्हणून फादरांचा डावा बूट. एक पाय उचलून अकरा माणसं आपापली चप्पल शोधत होती आणि पास्कू ओरडत होता, "हलवू नका! आधी बघून घ्या, शेप बघा!"

शेप हा त्याचा शब्द. इंग्रजीतला तो एकच शब्द त्याने मनापासून आपलासा केला आहे. केळी कमी आली तर वाडीचा शेप बिघडलेला असतो. लग्नात जेवणाची रांग मोडली तर लग्नाचा शेप. मात्र त्याचं मुख्य तत्त्वज्ञान फुटबॉलचं. "माणसं हरत नाहीत टीचर, शेप हरतो." आळीतले सगळे मला टीचर म्हणतात. निम्म्यांना मी गणित शिकवलं आहे, आणि बाकीच्यांना ते आलं नाही हे त्यांच्या बोलण्यावरून कळतं.

पास्कूला फुटबॉल किती खेळता येतो? तरुणपणी दोन वर्षं खेळला. पहिल्या वर्षी एक गोल केला. तो आपल्याच गोलमध्ये होता, हे तो सांगत नाही, म्हणून मी सांगते.

आता सात-शून्यच्या दुसऱ्या दिवसाचं ऐका. रविवार होता. सकाळची दुसरी मिस्सा, म्हणजे प्रार्थना, संपल्यावर चर्चच्या कुंपणाशी नेहमीची सभा भरली. एका बाजूला पास्कू, दुसऱ्या बाजूला फेलिक्स. फेलिक्स सरकारी नोकरीतून निवृत्त झाला आहे. त्यामुळे कुठल्याही गोष्टीला विरोध करायला त्याच्याकडे भरपूर वेळ आहे.

"तीन-पाच-दोन खेळायला हवं होतं," फेलिक्स म्हणाला.

"मागे तीन? अरे, सात खाल्ले ते कमी पडले काय तुला? चार-चार-दोनच बरोबर. मधल्या पोरांनी मागे यायला पाहिजे होतं. शेप गेला."

"सातही गोल डावीकडून आले, पास्कू."

"वारा डावीकडून होता."

"हाफटाइमनंतर बाजू बदलली ना! तेव्हा?"

"मग वारापण बदलला. समुद्राचा वारा आहे, तुला विचारून वाहतो काय?"

अर्धा तास हे चाललं. मी माझ्या सवयीने बेरीज करत होते. चार, चार आणि दोन म्हणजे दहा. गोलकीपर धरून अकरा. शेवटी मी विचारलं, "डावीकडे मागे कोण उभं होतं?"

सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले.

"जागा होती, टीचर," पास्कू म्हणाला.

"रिकामी?"

"रिकामी नाही. राखलेली. यात फरक आहे."

तेवढ्यात मागून कोणीतरी बोललं, "काका, राखलेली असू दे न्हाईतर रिकामी, बॉल तर तिथनंच येतोय की."

हा प्रशांत. मूळचा कोल्हापूरचा, बदली होऊन इथल्या बँकेत आलेला, वय असेल अठ्ठावीस. समोरच्या नव्या बिल्डिंगमध्ये राहतो. फुटबॉलची चर्चा ऐकू आली की कोल्हापूरच्या माणसाला घरात बसवत नाही म्हणतात, ते खरं असावं.

"तू कोण?" पास्कूने विचारलं.

"प्रशांत. आमच्या पेठेकडनं लेफ्ट बॅकला खेळत होतो वो. पाच वर्सं."

"तुझं घर कुठलं?"

"ह्ये काय, समोर. दुसऱ्या मजल्यावर. भाड्यानं हाय."

"भाड्याच्या घराला नंबर नसतो," पास्कू म्हणाला आणि सायकल काढून निघून गेला.

हे नंबर प्रकरण तुम्हाला समजावून सांगायला हवं. आपल्या आळीच्या टीमची जर्सी दुकानातून घेऊन कोणालाही देत नाहीत. एक ते अकरा हे नंबर अकरा घरांचे आहेत. बापाकडून मुलाकडे जातात. मुलगा नसेल तर पुतण्या, भाचा. दहा नंबरच्या घराने गेल्या वर्षी जावई उतरवला. तो धावताना आधी चष्मा सांभाळतो, मग बॉल. सात नंबरवर सत्तेचाळीस वर्षांचा डॉमनिक आहे. पण घराचा नंबर घराबाहेर देत नाहीत. तीन नंबर पास्कूच्या घराचा. तो घालणारा त्याचा मुलगा मेल्विन कॅनडाला गेला त्याला चौदा वर्षं झाली. सुरुवातीला भाचे खेळले, मग तेही गेले. गेली चार वर्षं आपण दहा जण खेळतो आणि हरल्यावर अकरा जणांच्या शेपवर भांडतो. आपली माणसं हुशार आहेत. समोर दिसणारी गोष्ट न बघण्यात तर फारच.

पण या वेळी स्पर्धा भरवणाऱ्यांनी निरोप पाठवला. पुढच्या रविवारच्या सामन्याला अकरा खेळाडू उतरले नाहीत तर आपल्या आळीचं नाव कमी करणार. कायमचं. माझ्या सासऱ्यांच्या आधीपासूनची टीम. सोमवारी फेलिक्स माझ्याकडे आला. भांडायला तोंड असलेला माणूस मागायला आला की त्याला तोंड सापडत नाही. चहा संपल्यावर म्हणाला, "टीचर, तीन नंबर मागायला पास्कूकडे तुम्ही जा. आमच्याशी तो शेपवर येतो. मेल्विनला तुम्ही शिकवलंय, तुमचं ऐकेल."

मी संध्याकाळी पाचला गेले. मनात चार मुद्दे क्रमाने तयार होते. दार उघडंच होतं. आतून शिवणयंत्राचा आवाज येत होता. पास्कूची बायको रेजिना जाऊन पाच वर्षं झाली, तेव्हा मी जरा दचकलेच.

पास्कू तिच्या मशीनवर बसला होता. सुईखाली तीन नंबरची जर्सी. मला बघून त्याने ती लपवायचा प्रयत्न केला, पण दोरा अडकलेला.

"हे काय चाललंय?"

"काही नाही. बाजूला पट्टी जोडतोय."

"कशाला?"

"मेल्विन रविवारी फोनवर दिसतो ना. सुटलाय जरा. गालावरून माप कळतं." त्याने जर्सी उलटी करून दाखवली. दोन्ही बाजूंना पट्ट्यांवर पट्ट्या. दर वर्षाची एक, बोटभर रुंदीची. पहिल्या आठ-नऊ बारीक, देखण्या टाक्यांच्या, रेजिनाच्या हाताच्या. पुढच्या वाकड्यातिकड्या. "आल्यावर घालायला गेला आणि बसली नाही, तर त्याला वाईट वाटेल."

माझे चार मुद्दे कुठे गेले ते मला कळलं नाही. तरी मी म्हटलं, "पास्कू, मेल्विनला एकदा विचारून बघ. तो नाही म्हणणार नाही."

"तो तीन वर्षांमागेच म्हणाला. पप्पा, देऊन टाका. मीच कोणाला बोललो नाही."

"का?"

"दिल्यावर मग तो आला तर उभा कुठे राहणार, टीचर?"

तुमची आजी चौतीस वर्षं वर्गात उभी राहिली. तिथे मात्र मी खुर्ची ओढून बसले. म्हटलं, "रविवारी अकरा नसतील तर मैदानच राहणार नाही. मग तर कोणीच कुठे उभं राहणार नाही."

त्याने पट्टी पुरी शिवली. दोरा दाताने तोडला. जर्सी नीट घडी करून वर्तमानपत्रात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. "त्या कोल्हापूरवाल्याला सांगा, गरम पाण्यात घालायची नाही."

रविवारी प्रशांत मैदानात उतरला तेव्हा उशीला दुहेरी अभ्रा घातल्यासारखा दिसत होता. समोरच्या टीमची माणसं हसली. तो म्हणाला, "हसा की. वारं खेळतंय आत, लई बेस." पण त्याने डावी बाजू अशी धरली की तिकडून एकही गोल झाला नाही. आपण दोन-एकने हरलो. दोन्ही गोल उजवीकडून. फेलिक्सने दुसऱ्या गोललाच तीन-पाच-दोन काढलं.

पास्कू आमच्यात बसला नव्हता. तो पूर्ण सामनाभर डाव्या रेषेशी चालत होता, प्रशांत पुढे गेला की पुढे, मागे आला की मागे. शेवटच्या पाच मिनिटांत त्यांचा एक खेळाडू बॉल घेऊन एकटा सुटला आणि पास्कू जिवाच्या आकांताने ओरडला, "मेल्विन! मागे ये, मागे ये रे बाबा!"

सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. फेलिक्सने मान खाली घातली. प्रशांतने एकदा रेषेकडे बघितलं, म्हणाला, "आलो, आलो," आणि मागे धावला. बॉल त्याने बाहेर काढला.

म्हणून तान्या, आता आपले अकरा आहेत. आळीचं नाव स्पर्धेत आहे. तीन नंबर पास्कूच्याच घराचा आहे आणि सामन्यानंतर धुऊन त्याच्याच दोरीवर वाळतो.